घरच्या घरी रेकॉर्डिंग स्टुडिओ: माइकच्या आधी खोलीकडे का बघावं?

बिली आयलिशचा 'व्हेन वी ऑल फॉल अस्लीप, व्हेअर डू वी गो?' हा अल्बम २०१९ मध्ये आला. त्याचं बरंचसं काम लॉस एंजेलिसमधल्या घरी, तिचा भाऊ फिनियस याच्या झोपायच्या खोलीत झालं होतं. २०२० मध्ये त्याला 'अल्बम ऑफ द इयर'चा ग्रॅमी मिळाला. घरच्या स्टुडिओचा विषय निघाला की हे उदाहरण हमखास दिलं जातं. ते ऐकून महागडा माइक आणणाऱ्यांचा मात्र पहिल्याच रेकॉर्डिंगला हिरमोड होऊ शकतो. आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो आणि खापर माइकवर फुटतं. बहुतेक वेळा दोष खोलीचा असतो.

खोलीचा काय संबंध?

आवाज थेट माइकमध्ये जातो, तसाच तो भिंती, छत आणि फरशीवर आपटूनही माइकपर्यंत पोचतो. टाइल्स, मोकळ्या भिंती, सरकत्या काचांची खिडकी असं सगळं आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये असतंच. खोलीत उभं राहून एक टाळी वाजवावी. टाळीनंतर आवाज घुमत राहिला, तर माइक तेही टिपणार. एकदा रेकॉर्ड झालेला हा घुमारा नंतर सॉफ्टवेअरने पूर्णपणे काढता येत नाही.

यावरचा उपाय घरातच असतो: जाड गोधड्या, गाद्या, पडदे, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट. नेहमीचे माइक समोरून येणारा आवाज जास्त घेतात. त्यामुळे माइकमागच्या भिंतीपेक्षा बोलणाऱ्याच्या पाठीमागची भिंत झाकणं जास्त कामाचं. अंड्यांचे ट्रे चिकटवण्याचा सल्ला अजूनही मिळतो, पण तो पातळ पुठ्ठा आवाज फारसा शोषत नाही.

गोधड्यांनी घुमणं कमी होतं, शेजारच्या कुकरची शिट्टी थांबत नाही. बाहेरचा आवाज अडवायला वजनदार भिंती आणि बंद फटी लागतात. भाड्याच्या घरात ते कुठून करणार? त्यापेक्षा रात्री उशिरा किंवा पहाटे, पंखा बंद करून रेकॉर्डिंग करणं परवडतं.

माइक कोणता घ्यावा?

कंडेन्सर माइक बारीकसारीक आवाजही टिपतो, म्हणजे रस्त्यावरचा हॉर्नही टिपतो. शांत खोलीत तानपुरा किंवा पेटीसाठी तो छान. गजबजलेल्या वस्तीत, विशेषतः गायन किंवा निवेदनासाठी, डायनॅमिक माइक बरा. १९६६ पासून मिळणारा शुअरचा एसएम५८ याच प्रकारातला. त्याच्या अगदी जवळून, चार बोटांच्या अंतरावरून बोलावं लागतं.

एकट्याने पॉडकास्ट करणाऱ्याला यूएसबी माइक पुरतो. पेटी आणि तबला एकाच वेळी, पण वेगवेगळ्या ट्रॅकवर घ्यायचे असतील, तर दोन माइक जोडता येणारा ऑडिओ इंटरफेस लागतो. माइकमधला सिग्नल डिजिटल करून कॉम्प्युटरला देणं हे त्याचं काम. कंडेन्सर माइकला लागणारी ४८ व्होल्टची फँटम पॉवरही त्यातूनच मिळते.

कॉम्प्युटर आणि सॉफ्टवेअर

नवा कॉम्प्युटर घ्यायची घाई नको. दोन-चार ट्रॅकचं काम साधा लॅपटॉपही करतो. ऑडॅसिटी मोफत आहे, मॅकवर गॅरेजबँड मोफत मिळतं. रीपर ६० दिवस वापरून बघता येतं.

खरी अडचण येते ती गाताना आपलाच आवाज हेडफोनमध्ये उशिरा ऐकू येण्याची. सॉफ्टवेअरमधला बफर १०२४ सॅम्पलचा असेल, तर ४४.१ किलोहर्ट्झला फक्त त्यामुळेच सुमारे २३ मिलिसेकंद उशीर होतो. १२८ वर आणला तर तो सुमारे ३ मिलिसेकंदांवर येतो. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचा असिओ ड्रायव्हर टाकलेला बरा. हेडफोन कान पूर्ण झाकणारे असावेत, नाहीतर त्यातलं संगीत पुन्हा माइकमध्ये शिरतं.

रेकॉर्डिंग २४ बिटवर आणि आवाजाची सर्वोच्च पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवावी. शून्याच्या वर गेलेला आवाज फाटतो. सतत घूं घूं येत असेल, तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघावा. अर्थिंग नीट नसलेल्या घरांत ही तक्रार बऱ्याचदा तिथेच मिटते.

खोली तयार झाली का, हे तपासायला दहा सेकंदांची शांतता रेकॉर्ड करावी. ऑडिओबुक स्वीकारणाऱ्या एसीएक्सच्या अटीनुसार ही 'शांतता' उणे ६० डेसिबलच्या वर जाता कामा नये.