ठाणे ते चीन : एक विस्मृत ज्ञानमार्ग

१३२१ साली ठाण्यात हौतात्म्य पत्करलेल्या चार फ्रान्सिस्कनांविषयी आपण आदराने बोलतो. तोलेंतिनोचे फादर थॉमस आणि त्यांचे सोबती मुळात चीनला निघाले होते, हे मात्र आपण क्वचितच ध्यानात घेतो. पुढे फादर ओडोरिक यांनी त्यांच्या अस्थी ठाण्याहून चीनच्या झैतून बंदरी नेल्या. ओडोरिक यांनी १३३० साली कथन केलेल्या प्रवासवृत्तात तेथील भव्य नगरे आहेत, पाणकावळ्यांकरवी होणारी मासेमारी आहे. कन्फ्यूशियसचा विचार मात्र नाही. तिथवर पोहोचण्यास चिनी भाषा व लिपी यावी लागते.

ते कष्ट पुढे येशूसंघीयांनी घेतले. फादर मातेओ रिची १५७८ साली गोव्यात आले आणि १५८२ साली मकावला गेले. चिनी पंडितांचा वेष धारण करून त्यांनी चिनी भाषेत ग्रंथ लिहिले. त्यांच्या परंपरेतील फादर प्रोस्पेरो इंतोर्चेत्ता यांनी ‘चुंग-युंग’ या कन्फ्यूशियन ग्रंथाचे लॅटिन भाषांतर केले. त्याची छपाई १६६७ साली कँटनमध्ये सुरू झाली आणि १६६९ साली आपल्या गोव्यात पूर्ण झाली! पुढे १६८७ साली पॅरिसला निघालेल्या बृहद्ग्रंथाद्वारे कन्फ्यूशियस युरोपातील विचारवंतांच्या हाती पडला.

हा अभ्यास केवळ पांडित्याचा विषय नव्हता. पूर्वजांना व कन्फ्यूशियसला दिलेला मान म्हणजे उपासना की लौकिक आदर? रिचींनी तो आदर मानला. पोप अकरावे क्लेमेंट यांनी १७१५ साली त्या विधींना मनाई केली. पोप बारावे पायस यांच्या काळात, १९३९ साली, ती सैल झाली. दरम्यानच्या सव्वादोन शतकांत चिनी ख्रिस्ती कुटुंबांना पूर्वजांचा मान आणि श्रद्धा यांत निवड करावी लागली.

आज हा अभ्यास नव्याने बहरला आहे. १९९३ साली हूपेई प्रांतातील क्वोत्येन येथील थडग्यात बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेला ‘लाओत्से’चा सर्वांत प्राचीन ज्ञात पाठ सापडला; सोबत हरवलेले कन्फ्यूशियन लेखही होते. त्यामुळे या दोन परंपरांतील जुन्या भेदांचा फेरविचार होत आहे. आपल्याकडे पाली पंडित प्रा. पु. वि. बापट यांनी १९५१ साली ‘अर्थपदसूत्र’ चिनीतून इंग्रजीत आणले. तो ग्रंथ बौद्ध असला, तरी मूळ भाषेतून वाचण्याचा त्यांचा मार्ग अनुकरणीय आहे.

ठाण्याच्या हुतात्म्यांचे स्मरण करताना ते ज्या देशाकडे निघाले होते, त्याच्या विचारधनाकडेही आपल्या तरुण अभ्यासकांनी वळावे, अशी आमची अपेक्षा आहे.