एका वर्षातली दोन मैदाने

इतिहास दरबारापेक्षा मैदानात अधिक स्पष्ट वाचता येतो, असे मला वाटते. १९७९ साली अमेरिकेत 'वुई आर फॅमिली', म्हणजे 'आपण एक कुटुंब', ही तबकडी निघाली. गाणाऱ्या फिलाडेल्फियाच्या चार सख्ख्या बहिणी: डेबी, जोनी, किम आणि कॅथी स्लेज. ऑपेरा गाणाऱ्या आजीने त्यांना गाणे शिकविले. घरचीच तालीम म्हणा ना! तबकडी घडविली नाइल रॉजर्स व बर्नार्ड एडवर्ड्स यांनी.

त्याच वर्षी १२ जुलैला शिकागोच्या बेसबॉल-मैदानात डिस्कोच्या तबकड्या सुरुंगाने उडविल्या गेल्या. हे संगीत मुख्यतः काळ्या, लॅटिन व समलिंगी लोकांच्या नाचघरांत वाढलेले, हे ध्यानी घेतले म्हणजे, वाचकहो, तो स्फोट निराळाच ऐकू येतो.

तीन महिन्यांनी पिट्सबर्गचा पायरेट्स संघ अजिंक्यपदाच्या मालिकेत १-३ असा मागे पडला आणि १७ ऑक्टोबरला ती जिंकला. त्याचे गीत कोणते? तबकडीच्याच नावाचे! ते निवडले काळे संघनायक विली स्टारजेल यांनी. त्यांना सारे 'पॉप्स', म्हणजे बाबा, म्हणत.

सुरुंगाने तबकड्या फुटल्या. चार बहिणींचे गाणे मात्र अख्ख्या गावाचे होऊन बसले.