मूलपेशीच्या झोपेची कुळकथा

नवजात उंदराचे डोळे एरवी सुमारे दोन आठवड्यांनी उघडतात. जीवरसायनशास्त्रज्ञ स्टॅनली कोहेन यांनी उंदराच्याच लाळग्रंथीचा अर्क पिल्लांना टोचला, तेव्हा ते सातव्या दिवशी उघडले. त्या अर्कातल्या प्रथिनाची ओळख 1962 मध्ये पटली; तेच ईजीएफ, पेशींची वाढ घडवणारा एक वृद्धिघटक. चेतासंस्थेच्या मूलपेशींशी त्याचे नाते प्रकाशात आले ते मात्र 1992 मध्ये, कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात. ब्रेंट रेनॉल्ड्स आणि सॅम्युएल वाइस यांनी प्रौढ उंदराच्या मेंदूतल्या पेशी सुट्या करून ईजीएफ घातलेल्या द्रवात ठेवल्या. बहुतेक मेल्या. मोजक्या विभागत राहिल्या, त्यांचे तरंगते गोळे झाले आणि त्यांतून चेतापेशीही निपजल्या, अ‍ॅस्ट्रोसाइट या आधारपेशीही. शोध थोरच. पण वृद्धिघटक मिळाला की मूलपेशी जागी, नाही तर न विभागता झोपलेली, म्हणजे झोप ही निव्वळ उणीव, असा समज त्यातून सहज होतो.

तो टिकत नाही. गोळे करतात त्या विभागणाऱ्या पेशी. स्वस्थ पडून असलेली पेशी या पद्धतीत नजरेलाच येत नाही. गोळे देणाऱ्या बऱ्याचशा पेशी आधीपासूनच वेगाने विभागणाऱ्या, मूलपेशी आणि चेतापेशी यांच्या मधल्या पिढीतल्या होत्या, हे 2002 मध्ये दिसलेच. झोप प्रयोगशाळेतल्या बशीत आणली ती बीएमपी-4 या संकेत देणाऱ्या प्रथिनाने. एफजीएफ-2 या वृद्धिघटकाच्या जोडीने ते दिले की मूलपेशी विभागणे थांबवते, पण मूलपेशीच राहते. बीएमपी काढून घेतले की पुन्हा विभागू लागते. आणि बीएमपी ठेवून एफजीएफ-2 काढले तर? ती अ‍ॅस्ट्रोसाइट होऊन बसते. मला हा प्रयोग निर्णायक वाटतो, कारण वाढवणारा म्हणून ओळखला जाणारा घटक इथे पेशीची झोप राखतो. झोप उणिवेतून आली असती, तर एफजीएफ हजर असताना पेशी झोपलीच नसती.

बशीतले मेंदूत लागू पडेलच असे नाही, ही शंका रास्त आहे. बशीत दोनतीन घटक, मेंदूत रक्तवाहिन्या, शेजारच्या पेशी आणि कितीतरी इतर संकेत. पण 2010 मध्ये प्रौढ उंदराच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात बीएमपीचा संकेत अडवून पाहिला गेला. आधी मूलपेशींची विभागणी वाढली. पुढे त्यांचा साठा ओसरला आणि नव्या चेतापेशीही घटल्या. म्हणजे मेंदूतही झोप ही उणीव नव्हती; तीच साठा राखत होती.