साउथॉलचा संध्याकाळचा वर्ग

लंडनच्या पश्चिमेकडचं साउथॉल आज पंजाबी वस्तीसाठी ओळखलं जातं. १९१६ मध्ये तिथे संध्याकाळी भरणाऱ्या एका वर्गावर नवा मास्तर आला. वय २८, अमेरिकन, नाव टी. एस. एलियट.

हार्वर्डमध्ये तो चार्ल्स लॅनमन यांच्याकडे संस्कृत आणि जेम्स वुड्स यांच्याकडे पतंजलीची योगसूत्रं शिकला होता. ब्रॅडली या इंग्रज तत्त्वज्ञावरचा प्रबंधही लिहून झाला होता. तोंडी परीक्षेला अमेरिकेत जायचं तेवढं उरलं होतं. महायुद्धात बोट रद्द झाली आणि डॉक्टरेट राहिली ती राहिलीच. घरी बायको आजारी, खिसा रिकामा. आधी शाळेत मास्तरकी, १९१७ पासून लॉइड्स बँकेत नोकरी, आणि त्यातून सुटल्यावर साउथॉल.

हे वर्ग म्हणजे उपकार नव्हते. कामगारांच्या शिक्षणासाठी १९०३ मध्ये स्थापन झालेल्या संघटनेने विद्यापीठांना हाताशी धरून ते चालवले होते. अभ्यासक्रम तीन वर्षांचा. तासभर व्याख्यान, तासभर चर्चा, शिवाय निबंध लिहून आणायचे. एलियटच्या वर्गात प्राथमिक शाळांतल्या शिक्षिका बऱ्याच होत्या. दिवसभर पोरांपुढे घसा कोरडा करून त्या संध्याकाळी स्वतः बाकावर बसत. घरी लिहिलेल्या पत्रांत त्याने या विद्यार्थ्यांच्या उत्साहाचं मनापासून कौतुक केलं आहे. मास्तरचाही त्यात फायदा झाला. तिसऱ्या वर्षी वर्गाला एलिझाबेथकालीन साहित्य होतं. ‘द सेक्रेड वुड’ (१९२०) मधले मार्लो आणि बेन जॉन्सनवरचे निबंध त्याच वाचनाच्या मुशीतले.

आणि तीस वर्षांनी हाच माणूस सर्वांना शिक्षण देण्याच्या कल्पनेकडे संशयाने पाहू लागला! इंग्लंडमध्ये १९४४ च्या कायद्याने माध्यमिक शिक्षण मोफत केलं होतं. १९४८ मध्ये, नोबेल मिळालं त्याच वर्षी, एलियटचं संस्कृतीच्या व्याख्येवरचं पुस्तक आलं. संस्कृती मुख्यतः कुटुंबातून पुढे जाते, शाळा तिचा थोडाच भाग देऊ शकते आणि सगळ्यांना शिकवण्याच्या घाईत शिक्षणाची पातळी घसरते, असं त्याचं म्हणणं. समाजात वर्ग असावेत, हेही त्याने आडपडदा न ठेवता लिहिलं. साउथॉलच्या त्या शिक्षिका इथे कुठे बसतात, हा प्रश्न वाचकाला पडतोच. पुस्तकात त्याचं समाधानकारक उत्तर सापडत नाही.

पण त्याच पुस्तकात एक मजेदार यादी आहे. इंग्रजी संस्कृती म्हणजे काय काय, तर डर्बीची घोड्यांची शर्यत, कुत्र्यांच्या शर्यती, वेन्स्लीडेल चीज, उकडलेल्या कोबीचे तुकडे, व्हिनेगरमधलं बीट आणि एल्गारचं संगीत. संस्कृती म्हटल्यावर ज्यांना फक्त ग्रंथ आणि मैफली आठवतात, त्यांच्या पानात एलियटने कोबी वाढली. एका अख्ख्या समाजाची जगण्याची रीत, हा त्याचा अर्थ सनातनी मताच्या माणसाकडून यावा हे विशेष.

हा धागा उचलला तो डाव्या विचारांच्या रेमंड विल्यम्सने. वेल्समधल्या रेल्वे सिग्नलमनचा हा मुलगा तेव्हा प्रौढांना शिकवत होता. ‘संस्कृती’ या शब्दाचा माग त्याने काढायला घेतला, त्याला एलियटचं पुस्तक हे एक निमित्त होतं; त्यातून पुढे ‘कल्चर अँड सोसायटी’ (१९५८) झालं. सुरुवात झाली ती १९४९ च्या सुमारास, प्रौढांच्या अशाच एका वर्गात.