घाटवाटेची कायम ठेव

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अज्ञात ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरप्रवासवृत्तात भडोच बंदरामागील मुलुखाचे जे वर्णन आहे, त्यात आपल्या देशावरील दोन नगरे आवर्जून येतात: भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या मजलेवर असलेले पैठण आणि पैठणच्या पूर्वेस आणखी दहा दिवसांवर असलेले तगर, म्हणजे आजचे तेर. पैठणचे रंगीत खडे आणि तेरचे सुती कापड गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या प्रदेशांतून बंदरावर येई आणि तेथून तांबड्या समुद्रामार्गे मिसर देशातील रोमन अमलाखालच्या पेठांत पोहोचे. या व्यापाराचा इतिहास लिहिताना आपले लक्ष बहुधा मालाकडे आणि नाण्यांकडे जाते. परंतु त्या महिनाभराच्या वाटेवर बैलांना पाणी कोठे मिळे, नदी कोण उतरवून देई आणि या सोयींचा खर्च कोणत्या पैशातून भागे, हे प्रश्न मला अधिक मोलाचे वाटतात, आणि त्यांची उत्तरे आपल्या लेण्यांच्या भिंतींवर कोरलेली आहेत.

जुन्नरहून कल्याण-सोपाऱ्याकडे उतरणाऱ्या नाणेघाटात राणी नागनिकेच्या नावाने प्रसिद्ध असलेला जो विस्तीर्ण शिलालेख आहे, त्यात यज्ञ आणि दक्षिणा यांची नोंद आहे; घाटमाथ्यावर जो दगडी रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकीत असत, अशी परंपरागत समजूत आहे. मात्र राजवैभवाच्या त्या दीर्घ लेखाइतकेच लक्ष तेथील पाण्याच्या टाक्यांवरील त्रोटक अक्षरांकडेही जावयास हवे. त्यांपैकी एक टाके सोपाऱ्याच्या गोविंददासाने, तर दुसरे दामघोष नावाच्या एका गृहस्थाने खोदविले. पावसाळ्यात धो धो कोसळणारे पाणी चैत्र-वैशाखापर्यंत टिकवावयाचे तर ते कातळातच साठविले पाहिजे, हे ज्याने ओझ्याच्या बैलांसह तो चढ चढला असेल त्याला कोणी शिकवावे लागत नसे. सोपारा म्हणजे घाटाखालचे बंदर. तेथील माणसाने आपला पैसा घाटमाथ्यावरील पाण्यात घातला, यात पुण्य आणि व्यवहार यांची फारकत करता येत नाही. जुन्नरच्या लेण्यांतही धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि टाके दिले आहे, इरिल नावाच्या यवनाने दोन टाकी दिली आहेत आणि चिट नावाच्या दुसऱ्या यवनाने भोजनमंडप दिला आहे.

परंतु या साऱ्या दात्यांत ज्याच्यापाशी थांबावे असा पुरुष म्हणजे क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई, दिनीकपुत्र उषवदात. नाशिकजवळच्या त्रिरश्मी पर्वतावरील दहाव्या लेण्यात त्याचे जे लेख आहेत, त्यांत भडोच, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक (सोपारा) येथे त्याने चौसोपी धर्मशाळा बांधल्या, विहिरी, तळी व बागा केल्या, असे म्हटले आहे. त्यापुढे इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर मोफत होड्या ठेवल्या आणि दोन्ही तीरांवर सभामंडप व पाणपोया उभारल्या, अशी नोंद येते. अभ्यासक या नद्या म्हणजे अंबिका, पार, दमणगंगा, तापी, कावेरी आणि डहाणूची खाडी, असे मानतात. ही नावे नकाशावर जुळवून पाहावीत: भडोचहून सोपाऱ्याकडे किनाऱ्याने येणारी वाटच डोळ्यांपुढे उभी राहते, आणि जेथे जेथे ती पाण्याने तुटते, तेथे तेथे या माणसाने नावाडी बसविला आहे.

बांधणे एक वेळ सोपे; चालविणे अवघड. उषवदाताने या अडचणीवर जो उपाय आपल्या लेण्यासाठी योजिला, तो वाचताना मन आदराने भरून येते. बेचाळिसाव्या वर्षी, म्हणजे शककाल धरल्यास इ. स. १२० मध्ये, त्याने ३,००० कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे कधीही न मोडावयाची ठेव, नाशिकजवळच्या गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. पैकी एका श्रेणीकडे २,००० कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने, तर दुसरीकडे १,००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागावयाचे नाही, केवळ व्याज भोगावयाचे. पहिल्या रकमेचे व्याज महिन्याला २० आणि वर्षाला २४० होते, आणि लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी द्यावेत, अशी आज्ञा आहे. हिशेब कवडीलाही चुकत नाही. एवढ्यावर न थांबता ही सारी तजवीज निगमसभेत जाहीर करून तेथील दप्तरात रीतसर नोंदविली गेली. विणकराच्या हाती भांडवल आले, त्याच्या मागावर कापड चढले, त्या कापडाच्या नफ्यातून विहाराचा खर्च निघाला. वाटेवरील सोय आणि वाटेवरील धंदा एकाच रकमेवर जगले. आपल्या काळात रस्त्याकाठच्या सोयींसाठी पैसा उभा करणाऱ्या कोणत्याही योजनेत मला इतकी दूरदृष्टी आणि इतका साधेपणा एकत्र क्वचितच आढळला आहे.

ठेव सुरक्षित राहील, हा विश्वास कोठून आला? नहपानाची राजवट तर टिकली नाही. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांचा नि:पात केला. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेल्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांत नहपानाच्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला शिक्का पुन्हा मारलेला दिसतो. तथापि, त्याच विजेत्याने आपल्या अठराव्या वर्षी गोवर्धनच्या अमात्याला हुकूम पाठवून, पूर्वी उषवदाताच्या भोगात असलेले २०० निवर्तनांचे शेत त्रिरश्मीच्या भिक्षूंनाच दिले. शत्रूचे नाणे वितळविले नाही, त्यावर शिक्का मारला. शत्रूने पोसलेल्या भिक्षुसंघाला उपास घडविला नाही, त्याला शेत दिले. सत्ता बदलली तरी घाटाखालून येणारा तांडा तोच होता, हे या राजाला उमगले होते, असे मी समजतो.

कार्ले, भाजे, बेडसे बोरघाटाच्या तोंडाशी, जुन्नर नाणेघाटापाशी, नाशिक थळघाटाच्या वर, कान्हेरी सोपारा आणि कल्याण यांच्या दरम्यान: विहारांची ही मांडणी व्यापारी मार्गांशी निगडित आहे, हे दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी ठासून मांडले. विहार हे व्यापाराचे पोशिंदे होते, या त्यांच्या प्रतिपादनात पुष्कळ तथ्य आहे. पण नाशिकच्या लेखांपुरते बोलावयाचे तर पैसा विहारात नसून कारागिरांच्या श्रेणीत होता, आणि विहार त्या पैशाचा मालक नसून व्याजाचा धनी होता. खरी पत होती ती गोवर्धनच्या मागावर.

ती पत पुढेही टिकली. आभीर राजा ईश्वरसेन याच्या नवव्या वर्षी, म्हणजे तिसऱ्या शतकात, विष्णुदत्ता नावाच्या शकस्त्रीने त्याच त्रिरश्मीवरील आजारी भिक्षूंच्या औषधासाठी गोवर्धनच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्या: कुलरिकांकडे (बहुधा कुंभारांकडे) १,००० कार्षापण, पाण्याची यंत्रे करणाऱ्या ओदयंत्रिकांकडे २,०००, आणि तेल्यांच्या श्रेणीकडेही. त्यानंतर वाकाटकांच्या ताम्रपटांत दान दिसते ते गावांचे आणि जमिनींचे. कारागिराच्या हाती रोकड सोपविण्याऐवजी शेतकऱ्याचा सारा तोडून देण्याची ही रीत स्थिरावली, तेव्हा धर्मादायाचा खर्च बाजारपेठेच्या बरकतीवरून उठून पीकपाण्यावर जाऊन बसला.