१९२२ चं बजेट आणि आमच्या नळाचं पाणी

मंडळी, पोस्ट लांबलचक आहे, आधीच सांगते. टॅक्स सीझन संपला, मुलं झोपली, आणि गेले काही महिने डोक्यात घोळणारा विषय आज एकदाचा लिहून टाकते आहे. चहा घेऊन बसा.

मार्चच्या सुट्टीत आम्ही हूवर धरण बघायला गेलो होतो. फिनिक्सहून गाडीने पाचेक तास. तुमच्यापैकी बरेच जण व्हेगासला पाहुणे घेऊन जाताना तिथे थांबला असाल. धरणाच्या भिंतीवरून लेक मीडकडे बघितलं की काळ्या-तपकिरी खडकावर एक पांढराफटक पट्टा दिसतो. पाणी जिथपर्यंत असायचं तिथे क्षार साचून राहिलेली ती खूण. माझी सातवीतली लेक बराच वेळ बघत होती, मग म्हणाली, "आई, एवढं सगळं पाणी खर्च कोणी केलं?" मी पटकन म्हणाले, "दुष्काळ आहे गं, पाऊस कमी झाला." ती गप्प बसली. पण मलाच ते उत्तर टोचत राहिलं. खात्यात पैसे नाहीत म्हणून क्लायंट आला की आपण "पगार कमी पडला" एवढ्यावर थोडंच सोडतो? आधी विचारतो, बजेट कोणत्या आकड्यावर केलं होतं?

घरी येऊन वाचायला लागले, आणि खरंच निघालं की इथे मुळात बजेटच चुकलेलं आहे. शंभर वर्षांपूर्वीचं.

गोष्ट अशी. कोलोरॅडो नदी सात राज्यांची. वरची चार म्हणजे कोलोरॅडो, वायोमिंग, युटा, न्यू मेक्सिको. खालची तीन म्हणजे ॲरिझोना, नेवाडा, कॅलिफोर्निया. कॅलिफोर्निया भराभर वाढत होती आणि जो आधी पाणी वापरेल त्याचा हक्क पहिला, असा पश्चिमेकडचा कायदा. म्हणजे मधला भाऊ शेत बळकावेल आणि बाकीचे बघत बसतील, अशी वरच्या राज्यांना धास्ती. म्हणून १९२२ मध्ये सातही राज्यांचे प्रतिनिधी वाटणीला बसले. अध्यक्ष हर्बर्ट हूवर, तेव्हा ते वाणिज्य मंत्री होते, राष्ट्राध्यक्ष नंतर झाले. २४ नोव्हेंबर १९२२ ला सँटा फे इथे करारावर सह्या झाल्या. वरच्यांना वर्षाला ७५ लाख एकर-फूट, खालच्यांना ७५ लाख. पुढे १९४४ च्या तहात मेक्सिकोला १५ लाख. झाले १ कोटी ६५ लाख. खालच्या राज्यांना दिलेली १० लाखांची जादा सवलत मी यात धरलेलीच नाही.

आपल्याला एकर-फूट कळत नाही, टीएमसी कळतो. मी गुणाकार केला. १ कोटी ६५ लाख एकर-फूट म्हणजे साधारण ७१९ टीएमसी. हा आकडा जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर त्यांनी हे आकडे काढले कुठून? नदीची मोजमापं तेव्हा जेमतेम वीसेक वर्षांची होती. आणि नेमकी ती वर्षं गेल्या कित्येक शतकांतली सगळ्यात ओली वर्षं होती! पुढे १९७६ मध्ये स्टॉकटन आणि जेकोबी या शास्त्रज्ञांनी झाडांच्या खोडातली वर्तुळं मोजून नदीचा शेकडो वर्षांचा हिशेब लावला, तर सरासरी निघाली १ कोटी ३५ लाखांच्या आसपास. म्हणजे बोनसच्या वर्षाचं उत्पन्न कायमचा पगार समजून घराचं लोन घेतलं, असा प्रकार.

बरं, तेव्हा कोणाला माहीत नव्हतं असंही नाही. ई. सी. लारू नावाचा सरकारी जलशास्त्रज्ञ होता. त्याने जुन्या नोंदी बघून सांगितलं होतं की ही वर्षं नेहमीची नाहीत, नदीत एवढं पाणी नाही. ऐकलं कोणी नाही. मोठ्या आकड्यावर सगळ्यांना वाटा देता येत होता, छोट्या आकड्यावर भांडणं झाली असती. ऑडिट रूममध्ये बसलेल्या प्रत्येकाला हा प्रसंग ओळखीचा वाटेल.

आता विजेची बाजू. १९२८ च्या कायद्यात एक अट मला फार आवडली. धरणाला पैसे मिळण्याआधी वीज विकण्याचे करार दाखवा, म्हणजे ५० वर्षांत कर्ज फिटेल. आणि खरंच फिटलं, १९८७ पर्यंत, मुख्यतः विजेच्या उत्पन्नातून. पैशाचा हिशेब इतका चोख आणि पाण्याचा इतका ढिसाळ, एकाच कागदपत्रात. १९३५ मध्ये धरणाचं उद्घाटन झालं, पुढच्या वर्षी वीज लॉस एंजेलिसला पोचली. कागदोपत्री क्षमता २,०८० मेगावॅट.

पण पाण्यापासून वीज किती होणार हे दोन गोष्टींवर ठरतं. पाणी किती सोडता आणि ते किती उंचीवरून पडतं. पातळी उतरली की प्रत्येक थेंबामागे मिळणारी वीजही उतरते. म्हणजे शिल्लक कमी होते आणि व्याजाचा दरही कमी होतो, दोन्ही एकदम. लेक मीडची पातळी २००० साली समुद्रसपाटीपासून १,२१४ फुटांच्या आसपास होती. जुलै २०२२ मध्ये ती साधारण १,०४० फुटांवर आली, १९३७ पासूनची सर्वांत कमी. तेव्हा धरणाची प्रत्यक्ष क्षमता २,०८० वरून १,३०० च्या आसपास घसरली होती. ९५० फुटांखाली वीज बंद, ८९५ फुटांखाली पाणीसुद्धा पुढे जात नाही. वरचं ग्लेन कॅन्यन धरण २०२३ च्या वसंतात आपल्या वीज-मर्यादेच्या फक्त तीसेक फूट वर होतं. आणि उत्तर कॅलिफोर्नियात ओरोव्हिल धरणाचं वीजघर ऑगस्ट २०२१ मध्ये पाण्याअभावी चक्क बंद झालं. १९६० च्या दशकात सुरू झाल्यापासून पहिल्यांदा.

मग इतकी वर्षं हे झाकलं कसं गेलं? एक तर वरची राज्यं आपला पूर्ण वाटा कधी उचलतच नव्हती. ॲरिझोनाचा कालवा १९९३ ला पुरा झाला. आणि दोन प्रचंड जलाशय म्हणजे बँकेत साठलेली एफडी. लेक मीड एकटा भरला तर दहा कोयना मावतील. इतकी शिल्लक असली की महिन्याची तूट कोण बघतंय? गंमत म्हणजे खालच्या राज्यांच्या हिशेबात जलाशयातून वाफ होऊन उडणारं पाणी कोणाच्याच खात्यावर टाकलेलं नव्हतं. मी हे वाचलं तेव्हा अक्षरशः हसले. घसारा न लावता ताळेबंद!

त्यात तापमान वाढलं. हा मुद्दा मुलांना नीट समजावा, कारण "पाऊस कमी झाला" हे अर्धंच खरं आहे. ही नदी रॉकी पर्वतातल्या बर्फावर चालते. हिवाळ्यात बर्फ पडतो, एप्रिल ते जुलै वितळतो. हवा तापली की बर्फ लवकर वितळतो, माती आधीच कोरडी असते ती पहिला घोट घेते, झाडं जास्त पितात, वाफ जास्त होते. २०२१ मध्ये बर्फ नेहमीपेक्षा थोडाच कमी होता, पण नदीत आलेलं पाणी नेहमीच्या निम्म्याहूनही कमी. मिली आणि डन या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये हिशेब मांडला की तापमान एक अंश सेल्सिअस वाढलं की नदीचा प्रवाह ९ टक्क्यांच्या आसपास घटतो. २००० नंतरची सरासरी १ कोटी २५ लाखांच्या खालीच घोटाळते आहे. वाटप १ कोटी ६५ लाखांचं. ऑगस्ट २०२१ मध्ये इतिहासात पहिल्यांदा अधिकृत टंचाई जाहीर झाली आणि ॲरिझोनाच्या वाट्याला १८ टक्के कपात आली.

आमच्याकडचं एक चक्र तर ऐकाच. फिनिक्सला कोलोरॅडोचं पाणी ३३६ मैल लांबीच्या कालव्यातून येतं आणि कालव्याच्या शेवटापर्यंत न्यायला ते एकूण जवळजवळ २,९०० फूट वर चढवावं लागतं. त्यासाठी लागणारी वीज पेजजवळच्या नवाहो कोळसा केंद्रातून यायची. त्या केंद्राला थंड व्हायला पाणी लागायचं, ते लेक पॉवेलमधून, म्हणजे त्याच नदीतून. म्हणजे नदीचं पाणी पिऊन कोळसा जाळायचा, त्या विजेने नदीचं पाणी चढवायचं, धुराने हवा तापवायची, आणि तापलेल्या हवेने नदी आटवायची. २०१९ मध्ये ते केंद्र बंद झालं. (याउलट आमच्या पश्चिमेला पालो व्हर्डे अणुकेंद्र शहराच्या शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर थंड होतं. पाहुण्यांना हे सांगितलं की कोणी विश्वास ठेवत नाही.) मागणीचं काय विचारता! २०२३ मध्ये फिनिक्सला सलग ३१ दिवस ११० फॅरनहाइट किंवा त्याहून वर. एसी बंद करायची प्राज्ञा नाही.

आता तो ७१९ टीएमसीचा आकडा काढा. माझं माहेर कराडचं. कृष्णेच्या पाण्याची वाटणी बच्छावत लवादाने केली. निवाडा १९७३ चा, अंतिम १९७६ चा. त्यांनी ७८ वर्षांच्या नोंदी घेतल्या, आणि सरासरी न धरता चारपैकी तीन वर्षं नक्की मिळेल तेवढंच पाणी वाटायला काढलं. ते निघालं २,०६० टीएमसी. महाराष्ट्र ५६०, कर्नाटक ७००, आंध्र ८००. सगळ्या अमेरिकन पश्चिमेला नाचवणारी नदी कागदावरसुद्धा कृष्णेच्या जेमतेम एक तृतीयांश! मला तर तिचं नाव ऐकून ती गंगेएवढी वाटायची. आणि आपल्या न्यायमूर्तींनी सीएच्या पहिल्या वर्षात शिकवतात तेच केलं होतं: उत्पन्न धरताना हात आखडता, तोटा धरताना सढळ. भांडणं तरी थांबली का? नाही. २०१० मध्ये ब्रिजेश कुमार लवादाने ती अट ७५ वरून ६५ टक्क्यांवर आणली. पाणी वाढलं नाही, वाटण्याजोगा आकडा वाढला.

कोयनेचं वीजघर १९६२ ला सुरू झालं. वीज करून पाणी पश्चिमेला कोकणात जातं, पूर्वेकडच्या शेतीला परत मिळत नाही. म्हणून लवादाने तिथे वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. कमी पावसाच्या वर्षी वीज करायची की सांगलीकडे पाणी सोडायचं, ही ओढाताण ठरलेली. आणि मराठवाड्यात परळीचं औष्णिक केंद्र २०१३ आणि २०१५ मध्ये पाणी नाही म्हणून बंद ठेवावं लागलं. कोळसा होता, पाणी नव्हतं. तेव्हा मी इथे नुकती स्थिरावत होते, बातमी वाचून पुढे गेले होते.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखीच निघाली. १९२२ च्या त्या करारात मूळ रहिवाशांच्या जमातींबद्दल एकच वाक्य आहे, की त्यांच्याबाबत सरकारची जी काही बांधिलकी असेल तिला या कराराने धक्का लागत नाही. आज या खोऱ्यात ३० जमाती आहेत. नवाहो लोकांचा पाण्यासाठीचा दावा २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टात पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळला गेला. माझ्या आजीचं माहेर शिवसागर जलाशयाखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचा चौथरा दिसतो म्हणायची. तिच्या भावांना दुसऱ्या जिल्ह्यात जमीन मिळाली, तीही बऱ्याच वर्षांनी. कोयनेच्या विस्थापितांची आंदोलनं अजूनही होतात. मुंबई उजळली ती त्यांच्या घरांवरून, असं आजी कधी म्हणाली नाही. ती फक्त चौथऱ्याबद्दल बोलायची.

आमच्या घराचं सांगते आणि थांबते. २०२३ मध्ये आम्ही शहराच्या पार पश्चिमेला नव्या वसाहतीत प्लॉट बघून ठेवला होता. डाउन पेमेंट तयार. १ जूनला राज्याने जाहीर केलं की फिनिक्स परिसरात फक्त भूजलावर विसंबून नव्या वसाहतींना यापुढे मंजुरी नाही. १९८० च्या कायद्याने इथे नव्या वसाहतीला शंभर वर्षांच्या पाण्याची खात्री दाखवावी लागते, आणि हिशेबात शंभर वर्षांत ४ टक्क्यांची तूट निघाली होती. आमच्या एजंटचं म्हणणं, जुनी मंजुरी आहे, काळजी नको. नवरा म्हणाला, "चार टक्केच तर आहे." मी म्हणाले, "अरे, चार टक्के कोणाचे, ते कुठे लिहिलंय?" आम्ही तो प्लॉट सोडला आणि शहरात, नदीचं आणि भूजलाचं असं दोन्हीकडचं पाणी येतं तिथे जुनं, लहान घर घेतलं. मुलांच्या खोल्या छोट्या आहेत, ती अजून कुरकुरतात. निर्णय बरोबर होता का? मला खरंच माहीत नाही.

पाणीवाटपाचे २००७ मध्ये केलेले नियम २०२६ अखेर संपतात. सात राज्यं पुन्हा वाटणीला बसली आहेत, या वेळी वाढपाला नाही, कपातीला. लेकीने शाळेच्या प्रोजेक्टसाठी एक्सेलमध्ये दोन रकाने केलेत. एका रकान्यात लेक मीड किती फूट, दुसऱ्यात कोयना किती टीएमसी. दुसऱ्याचा आकडा पावसाळ्यात तिला कराडहून आजी फोनवर सांगते.