ताजमहाल, जपानी ठशावर

तळ्यातल्या आमच्या जुन्या घरात भिंतीवर चेहऱ्याचं चित्र कधी लागलं नाही. एकीकडे काबा, दुसरीकडे मदिनेचा हिरवा घुमट आणि मधोमध कॅलेंडरमधून कापलेला बर्फाचा डोंगर. सजीवांची चित्रं दादीला चालत नसत, डोंगराला मात्र तिची हरकत नव्हती.

कदाचित त्यामुळेच हिरोशी योशिदा (१८७६–१९५०) या जपानी चित्रकाराची निसर्गचित्रं मला पहिल्यांदा पाहताच ओळखीची वाटली. १९३०च्या अखेरीस तो मुलगा तोशीला घेऊन हिंदुस्थानात आला. परत गेल्यावर त्याने इथल्या स्थळांची चित्रं लाकडी ठशांवरून छापली. ताजमहाल त्याने दिवसा, धुक्यात आणि रात्री असा वेगवेगळा काढला. माझं आवडतं चित्र मात्र १९३१चं ‘फतेहपूर सिक्री’. दगडी जाळीतून सोनेरी ऊन आत आलंय आणि कमानीच्या सावलीत दोन माणसं निवांत बसली आहेत. मोगल इमारत म्हटलं की आपल्याकडे लगेच वाद उभा राहतो. या परक्या माणसाने तिथे फक्त ऊन पाहिलं.

हे काम सोपं नसतं. ठसे चेरीच्या लाकडाचे, रंग पाण्यातले, कागद तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा. प्रत्येक रंग वेगळा छापायचा आणि कागद केसभरही सरकू द्यायचा नाही. १९२६ साली त्याने शिडाच्या होड्यांचं एक चित्र त्याच ठशांवरून, फक्त रंग बदलून, सकाळ, दुपार, धुकं, संध्याकाळ आणि रात्र असं छापलं. आमच्या राजपुरी खाडीवर पहाट बघितलेल्या माणसाला त्यातलं धुकं समजावून सांगावं लागत नाही.

संग्राहक मात्र चित्राआधी समास बघतो. डाव्या समासात ‘जिझुरी’ हा शिक्का असेल, तर ती प्रत खुद्द योशिदाच्या देखरेखीखाली छापलेली. खाली पेन्सिलीची सही असेल तर ती त्याच्या हयातीतली. त्याच्या मृत्यूनंतरच्या प्रतींवर सहीचाही छापच आहे. किमतीतला फरक इथे पडतो. माझ्याकडे अर्थातच फक्त पुस्तकातली चित्रं आहेत.

एकेकाळी जपानमध्ये अशी छापील चित्रं स्वस्तातली, हातोहात खपणारी वस्तू होती. एकोणिसाव्या शतकात युरोपने ती हजारोंनी जमवली. मग १९२०च्या सुमारास कोजिरो मात्सुकाता या उद्योगपतीने पॅरिसचे जवाहिरे हेन्री वेव्हर यांच्याकडून सुमारे ८,००० चित्रं विकत घेऊन मायदेशी नेली. ती आज टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. आपलीच रद्दी, पण पैसे मोजून परत आणावी लागली!

आमच्या घराला रंग काढताना तो बर्फाचा डोंगर कुठे गेला, कुणालाच आठवत नाही. काबा-मदिनेच्या तसबिरी ट्रंकेत आहेत. परवा काढून बघितल्या. खाली छापखान्याचं नाव होतं, वाळवीने नेमका तेवढाच कोपरा खाल्लाय.